गंजलेली हत्यारं आणि सोसायटीच्या गच्चीची परवानगी

बँकेतून निवृत्त झाल्यावर सुतारकाम शिकायचं, हे आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्या भागातले एक मिस्त्री शिकवायला तयारही झाले. हत्यारांची यादी मागितली तर म्हणाले, "मॅडम, नवीन घेऊ नका एवढ्यात. जुन्या बाजारात जा, गंजलेली उचला, स्वतः साफ करा. हत्यार खोलून परत बसवलंत की अर्धं शिकून झालं." जानेवारीत सुरू केलेलं हे काम पावसाळ्याच्या तोंडावर संपलं. त्यातला बराचसा वेळ गंजाने नाही, सोसायटीने खाल्ला. वाटेत बरेच प्रश्न पडले आणि त्यांची मराठीत उत्तरं सापडेनात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो. १९ जानेवारी २०२५ च्या रविवारी सकाळी लवकर गेले. बरोबर टॉर्च, सहा इंची पट्टी, जुनं फडकं आणि सुटे पैसे. हत्यारांचे ढीग जमिनीवरच पसरलेले असतात. त्यात पाने, पकडी भरपूर. सुतारकामाचं शोधावं लागतं. एका विक्रेत्याने मला बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "मावशी, शोपीसला पाहिजे का?" वापरायला हवंय म्हटल्यावर त्याने मागच्या पोत्यातून एक लोखंडी रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करायचं हत्यार, काढला. नवऱ्यासाठी की मुलासाठी, हे मात्र त्याने दोनदा विचारलंच.

रंधा नीट बघून घ्यावा. लोखंडी म्हणतात, पण त्याचं अंग बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं आणि बीड वाकत नाही, तडकतं. पात्यासाठी जी फट असते तिच्या दोन्ही बाजूंना टॉर्च मारून बारीक तडा शोधायचा. पातं काढून अंगाला किल्लीने टिचकी मारली तर चांगलं बीड खणकतं, तडकलेलं बद्द वाजतं. मग पातं. त्याच्या खाचेखाली किती लांबी उरली आहे ते पट्टीने मोजायचं. बोटभरही उरली नसेल तर नवं पातं शोधत फिरावं लागेल. सर्वांत महत्त्वाची पात्याची सपाट पाठ. नारिंगी भुगा वरवरचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण धारेजवळ पाठीवर काळे खड्डे पडले असतील तर हत्यार परत ठेवून द्यावं. पातं झिजत त्या खड्ड्यापाशी आलं की धारेत खाच पडणार, आणि खाच पडली की लाकडावर रेघ उठणार.

माझ्या रंध्यावर कंपनीचं नाव नव्हतं. घडण मात्र जगभर चालणाऱ्या चार नंबरच्या रंध्याची: नऊ-दहा इंच लांबी, दोन इंची पातं, मागे पितळेचं फिरवायचं चाक. लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन माणसाची ही रचना. १८६९ साली स्टॅन्ली या हत्यारांच्या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि पुढे इंग्लंडपासून आपल्याकडच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांनी तीच उचलली. त्यामुळे सुटे भाग बरेचदा एकमेकांना चालतात. स्क्रू मात्र जपायचे. या जुन्या रंध्यांचे आटे मेट्रिक नसतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसत नाही. स्क्रू गायब असलेला रंधा फुकट मिळाला तरी महाग पडतो.

सहाशे सांगितलेला रंधा साडेतीनशेला मिळाला. चार पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्या, दोनशे चाळीसला (एकीला मूठच नव्हती), करवत दीडशे, हाताने फिरवायचं ड्रिल दोनशे. शेवटी चार इंची बाकव्हाइस (काम आवळून धरायचा टेबलावरचा शिकंजा) नऊशेला, आणि ते इतकं जड की रिक्षा करावी लागली. पावती मागितली तेव्हा विक्रेता हसला. रिक्षात बसताना ढिगाचा आणि मालाचा एक फोटो तेवढा काढून ठेवला.

घरी आल्यावर पहिलं काम खोलणं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत गेले आणि एकेका हत्याराचे भाग मिठाईच्या वेगवेगळ्या रिकाम्या डब्यांत ठेवले. गंजाच्या आधी मेण झालेलं जुनं तेल आणि धूळ जायला हवी, नाहीतर पुढचं द्रावण लोखंडापर्यंत पोचतच नाही. त्यासाठी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. मिस्त्रींनी रॉकेल सांगितलं होतं, पण ते आता आणायचं कुठून? जिथे साबणाने भागलं नाही तिथे थोडं डिझेल वापरलं, बाल्कनीत, गॅसच्या शेगडीपासून लांब.

रंध्याचे दोन स्क्रू घट्ट धरून बसले होते. इथे घाई केली तर डोक्याची खाच उडते आणि मग वर्कशॉप गाठावं लागतं. गंज सोडवायचं तेल घातलं, रात्रभर ठेवलं, सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले, परत तेल, परत रात्र. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत पूर्ण बसणारं हवं. ढिलं असेल तर एका आकाराने मोठा आणावा. तिसऱ्या सकाळी आधी अगदी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाब दिला आणि मग उलटा. सुटला. हे 'आधी घट्ट, मग ढिला' मिस्त्रींनी शिकवलेलं.

आता गंज. अनेकांनी सांगितलं, सरळ बाथरूमचं अ‍ॅसिड वापरा. पुण्यातल्या बोहरी आळीत गेले. एका दुकानदाराने तीव्र अ‍ॅसिडसाठी फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र मागितलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, पत्ता, किती घेतलं, कशासाठी. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली किरकोळ विक्रीवर ही बंधनं घातली. अठरा वर्षांखालच्यांना तर विकायचंच नाही. रजिस्टर अगदी योग्य आहे. 'कशासाठी' या रकान्यात मी 'रंधा' लिहायला घेतलं, तेव्हा दुकानदारच म्हणाले, "ताई, रंध्याला हे कशाला? पातं खाऊन टाकेल. लिंबूसत्त्व न्या." त्यांचं म्हणणं खरं आहे. तीव्र आम्लात कडक पोलाद ठेवलं तर ते ठिसूळ होऊ शकतं, आणि त्या आम्लाच्या वाफेने आसपासचं चांगलं लोखंडही गंजतं. किलोभर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, एकशे ऐंशी रुपयांना घेतलं, रजिस्टरवर सही न करताच बाहेर पडले. तिथेच रबरी हातमोजे, तारेचा ब्रश, वॉटर पेपर (ओला करून वापरायचा काचपेपर) आणि धुण्याचा सोडाही मिळाला.

प्लास्टिकच्या टबात लिटरला साधारण साठ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून. लोखंडी भाग पूर्ण बुडले पाहिजेत. अर्धवट बुडालेल्या भागावर पाण्याच्या पातळीशी कायमची रेघ उमटते. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, लाकडी मुठी आधीच काढायच्या. पितळेचं चाकही बाहेर ठेवावं, कारण आम्लात त्यातलं जस्त निघून जातं आणि ते गुलाबी दिसू लागतं. आणखी एक, जे जुन्या घरांत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: शहाबादी आणि कडाप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, मोझेकमध्येही संगमरवराचे तुकडे असतात. आम्लाचा एक थेंब पडला की तिथली चकाकी गेली. मी टबाखाली मोठा प्लास्टिकचा ट्रे ठेवला होता.

थोड्या वेळात बुडबुडे येऊ लागतात, पाणी पिवळट, मग हिरवट होतं. दर दोन-तीन तासांनी भाग बाहेर काढून ब्रशने घासायचे आणि परत ठेवायचे. माझ्या पटाश्या संध्याकाळपर्यंत झाल्या, रंध्याच्या अंगाला रात्र लागली. त्याहून जास्त ठेवू नये. गंज संपला की आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळतं. बाहेर काढल्यावर लोखंड चकचकीत नसतं, राखाडी-काळं असतं. ती काळी साय ब्रशने निघते.

खरी धावपळ इथून पुढे. आम्लातून निघालेलं ओलं लोखंड बघता बघता नारिंगी पडायला लागतं. म्हणून बाहेर काढण्याआधीच सगळं मांडून ठेवायचं: खाण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली, साध्या पाण्याची बादली, टॉवेल, केस वाळवायचा ड्रायर आणि शिवणयंत्राचं तेल. एकच भाग हातात घ्यायचा, सोड्यात बुडवायचा, धुवायचा, पुसायचा, गरम हवेने आट्यांतलं पाणीसुद्धा उडवायचं आणि लगेच तेल. मग दुसरा भाग. उरलेल्या द्रावणात फसफसणं थांबेपर्यंत सोडा घातला आणि भरपूर पाण्याबरोबर संडासात ओतलं.

या सगळ्याआधी, सांगायचं राहिलं, जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले होते. टीटी मागितलं तर आता त्याऐवजी टीडी देतात, म्हणजे त्यात घटसर्पाचीही लस असते. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंनी होतो; पण जुन्या बाजारातल्या हत्यारावर माती असतेच, आणि माझं आधीचं इंजेक्शन कधीचं ते मला आठवत नव्हतं.

व्हाइस टबात मावत नव्हतं आणि त्याच्यावर गंजाखाली जुना निळा रंग होता. त्याला विजेचा उपाय करायचं ठरवलं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हत्यार आणि एक भंगार लोखंड समोरासमोर ठेवून बारा व्होल्टचा प्रवाह सोडायचा. यात हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ते घरात करायचं नाही. बाल्कनी लहान, खाली शेजाऱ्यांचं वाळवण. उरली गच्ची. आणि आमच्या सोसायटीत गच्चीची किल्ली कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय मिळत नाही.

३ फेब्रुवारीला अर्ज दिला. 'विषय: गच्चीवर लोखंडी अवजाराचा गंज काढण्यासाठी परवानगी मिळणेबाबत.' सेक्रेटरींनी तो वाचला, चष्मा काढला, परत वाचला. कमिटीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. ९ फेब्रुवारीला गणपूर्ती झाली नाही. मग थेट ९ मार्च. त्या बैठकीत मला बोलावून विचारलं गेलं: स्फोट होईल का, वीज कुणाच्या मीटरची, पाण्याच्या टाकीपासून किती अंतर, आणि हे व्यवसाय म्हणून चाललं आहे का. आयुष्यभर कर्जदारांना असले प्रश्न विचारत आले, त्यामुळे राग आला नाही. १२ मार्चला पत्र मिळालं, अटींसह. दुपारी एक ते चार आवाज नको. टाकीपासून दहा फूट लांब. द्रावण पावसाच्या पाइपमध्ये सोडायचं नाही. किल्ली त्याच दिवशी परत, वॉचमनच्या वहीत वेळ लिहून. कुणाला अशी परवानगी काढायची असेल तर अर्जातच वीज स्वतःच्या मीटरची आणि सांडपाण्याचं काय करणार हे लिहून टाका. आमच्या बैठकीतला अर्धा वेळ त्यातच गेला.

मधला महिना वाया गेला नाही, कारण धार लावणं हेच खरं मोठं काम निघालं. गंज रात्रीत निघतो. धारेला हात बसावा लागतो.

काचवाल्याकडून जाड काचेचा उरलेला तुकडा दीडशेला आणला. काच सपाट असते, म्हणून तिच्यावर वॉटर पेपर ओला करून चिकटवायचा की घासायला उत्तम पाट तयार. रंध्याच्या तळव्यावर मार्करने आडव्या रेघा मारल्या आणि पातं आत ठेवून, पण धार वर ओढून घेऊन, तळवा घासला. पातं आत का? त्याच्या दाबाने बिडाचं अंग किंचित ताणलं जातं, वापरताना जसं असेल तसंच घासायला हवं. पुढचं टोक, फटीच्या आजूबाजूचा भाग आणि मागचं टोक इथल्या रेघा पुसल्या गेल्या की पुरे. मधे कुठे रेघ उरली तर उरू दे. आरशासारखा तळवा करण्यात लोक आठवडे घालवतात. त्याने रंधा जास्त चांगला चालत नाही.

पात्याची पाठ मात्र आरशासारखी हवी, तीही फक्त पुढची सेंटिमीटरभर. २२० नंबरच्या खरखरीत कागदापासून २००० नंबरच्या अगदी बारीक कागदापर्यंत चढत गेले. मग उतार. सर्वसाधारण कामाला पंचवीस अंशांचा उतार आणि टोकाला तीस अंशांची बारीक कडा. कोनमापक लागत नाही: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असली की तीस अंश होतात, थोडी जास्त, म्हणजे दोन पूर्णांक चार पट असली की पंचवीसच्या जवळ. दोन मिलिमीटर जाडीच्या पात्याला अनुक्रमे चार आणि पावणेपाच मिलिमीटर. घासता घासता पाठीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली की कडा टोकापर्यंत पोचली असं समजायचं. मग पाठ कागदावर सपाट टेकवून ती खरखर काढायची.

सायकलवरून चाक फिरवत धार लावून देणारे आमच्या गल्लीत येतात. त्यांच्याकडे विळी, सुरी खुशाल द्यावी. रंध्याचं पातं आणि पटाशी देताना समोर उभं राहावं. कोरड्या चाकावर टोक तापून निळं झालं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. पोलादाला पाणी देऊन (लाल तापवून एकदम थंड करून) कडक करतात आणि मग ठिसूळपणा घालवायला साधारण दोनशे-सव्वादोनशे अंश सेल्सिअसवर परत तापवलेलं असतं, तेव्हा त्यावर गवती पिवळा रंग येतो. निळा रंग तीनशेच्या आसपासचा. निळा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवा म्हटलं तर ते बुडवतात, फक्त सांगावं लागतं.

करवतीच्या दातांच्या वाटेला मी गेलेच नाही. पातं साफ केलं आणि मिस्त्रींनी सांगितलेल्या करवतवाल्या काकांकडे दिलं. तिकोनी कानशीने प्रत्येक दात घासून, एक आड एक डावी-उजवीकडे वाकवून, चार दिवसांनी एकशे वीस रुपयांत परत. हे काम करणारे हात कमी होत चाललेत, त्यांना काम द्यावं. घासाघीस करू नये.

१६ मार्चच्या रविवारी सकाळी किल्ली घेतली. व्हाइस पूर्ण खोललं होतं: सरकता जबडा वेगळा, आट्याचा दांडा वेगळा. प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मिठाचा मोह टाळावा, त्याने क्लोरीन निघतो. भाच्याकडून जुना ट्रान्सफॉर्मरचा बॅटरी चार्जर आणला, कारण नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर चालूच होत नाहीत. चार्जरची वजा बाजू हत्याराला, अधिक बाजू भंगार सळयांना. उलटं जोडलं तर हत्यारच विरघळायला लागेल. सळया साध्या लोखंडाच्याच हव्यात. स्टीलचे चमचे वापरले तर त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. चिमटे पाण्याबाहेर, आणि बादलीत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी बटण बंद.

जो भाग सळईच्या समोर असतो तोच साफ होतो, म्हणून मधे मधे वळवत राहावं लागतं. दुपारपर्यंत पाणी चहासारखं झालं आणि रंगाचे पापुद्रे सुटले. ते पाणी झाडांना घालायचं नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल काही सांगता येत नाही. त्याच कारणाने जुना रंग कोरडा घासूही नये. गाळ खाली बसू दिला, वाळवला, पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळा दिला. तीन-चार सेक्रेटरीसमर्थक वर येऊन पाहून गेले. त्यातल्या एकांनी जाताना हळूच त्यांच्या गंजलेल्या कुलपांबद्दल विचारलं.

लाकडी मुठींचं काम शेवटी, एप्रिलच्या उन्हात. काचपेपरने मळ काढला, पण पूर्ण कोरं लाकूड केलं नाही. आधीच्या माणसाच्या तळव्याने जिथे गुळगुळीत झालं होतं ते तसंच ठेवलं, कारण तिथेच हात बसतो. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल फडक्याने लावायचं, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसायचं, निदान एक दिवस वाळू द्यायचं, परत लावायचं. हे फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मूठ नसलेल्या पटाशीला मिस्त्रींनी बाभळीची मूठ घडवून दिली आणि जुन्या छत्रीच्या काठीची शेंबी (धातूचं टोपण) तिच्यावर चढवली. पैसे घेतले नाहीत, रंधा मात्र दोन दिवस ठेवून घेतला.

हत्यारांचे अठराशे चाळीस आणि बाकी सामानाचे चौदाशे-पंधराशे. एकूण साडेतीन हजारांच्या आत बसलं, रिक्षा आणि गच्चीच्या विजेसकट. सामानातलं अर्धंअधिक अजून उरलं आहे. नवी हत्यारं साधारण दुप्पट पैशांत आली असती, म्हणजे वेळेची किंमत धरली तर व्यवहार तोट्याचाच.

जूनपासून दमट हवेत सगळं परत गंजायला लागतं. त्यासाठी काय करते तेवढं सांगते. काम झालं की रंध्यातला भुसा ब्रशने काढते, कारण भुसा ओल धरून ठेवतो. लोखंडावर शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं फिरवते. वर्तमानपत्रात गुंडाळत नाही, तेही ओल धरतं. जुन्या सुती साडीचे तुकडे तेलात भिजवून त्यात गुंडाळते आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकते. हाताने फिरवायच्या ड्रिलचा एक दाता अजून अडकतो, त्याचं चाक बदलायला हवं. त्या आकाराचं चाक कुणाला जुन्या बाजारात दिसलं तर माझ्यासाठी उचलून ठेवा: बाहेरचा व्यास साडेतीन इंच, मधलं भोक पाव इंचाचं, दाते तिरके.